कोंडवाड्यातला तिसरा नग

सकाळी नऊच्या सुमारास भगवंतरावांची बैलबंडी पोलीस पाटलाच्या दारापुढं उभी राहिली आणि तिच्यामागून पंचफुलाबाईचा आवाज आला. आवाज आधी पोचला, बाई नंतर.

"उतरवा! उतरवा म्हनलं ना ते! माह्या सुनेचं ड्रोन आहे ते, तुमच्या बापाचं नाई!"

"कायले उतरवू?" भगवंतराव बंडीवरून खाली न उतरताच म्हणाले. "माह्या हरभऱ्यात घुसलं ते. जनावर ज्याच्या वावरात घुसलं त्यानं ते धरावं, हे काई गावात आजचं नाई."

"ते जनावर आहे काय?"

"जनावर नाई तं काय? हिंडते, मुतते, दुसऱ्याच्या पिकात घुसते!"

जानराव ओट्यावर बसून बशीत चहा ओतत होता. त्यानं बशी तशीच खाली ठेवली, आत गेला, टोपी घातली आणि बाहेर आला. टोपीशिवाय तो नुसता जानराव असे. टोपी घातली की हिंगणी जहागीरचा पोलीस पाटील होई, आणि मग त्याचा आवाजही दोन बोटं खाली उतरे.

चौदा वर्षं तो पोलीस पाटील होता. पोलीस पाटलाचं काम काय, तर गावात काही झालं की ठाण्याला कळवायचं. विहिरीत कोणी पडलं, कळवा. मोटार चोरी गेली, कळवा. चौदा वर्षं तो इमानदारीनं कळवत आला, पण पकडलं कधी काही नव्हतं. पकडायला ठाण्यातले लोक यायचे, फोटो त्यांचा निघायचा, आणि जानराव मागे कुठंतरी अर्धा दिसायचा. ही गोष्ट त्याला फार लागत असे, पण सांगणार कुणाला?

गेल्या शनिवारी ठाण्यात सगळ्या पोलीस पाटलांची सभा झाली होती. बेलोऱ्याच्या विमानतळावर विमानं उतरायला लागल्यापासून पोलिसांवर नवी जबाबदारी आली आहे, असं साहेबांनी समजावून सांगितलं. कोण ड्रोन उडवतो, कुठं उडवतो, त्याच्याजवळ कागद आहेत का, यावर लक्ष ठेवायचं. संशय आला तर लगेच ठाण्याला कळवायचं. जानरावानं डायरीत सगळं लिहून घेतलं, ड्रोन या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. पण एसटीत बसून गाव येईपर्यंत त्याच्या डोक्यातलं 'कळवायचं' कुठंतरी गळून पडलं आणि 'धरायचं' तेवढं उरलं.

आणि आज धरलेला ड्रोन आपल्या पायानं, म्हणजे भगवंतरावांच्या बंडीनं, दारात आला होता.

जानराव बंडीजवळ गेला. पांढरं शुभ्र यंत्र, चांगलं बकरीएवढं, सहा हात, प्रत्येक हाताच्या टोकाला पंखा आणि पोटाखाली औषधाची टाकी. भगवंतरावांनी ते कासऱ्यानं करकचून बांधलं होतं, न जाणो पळालं तर.

तेवढ्यात ज्योत्स्ना आली. साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यावर टोपी, गळ्यात रिमोट. मोतीराम आणि पंचफुलाबाईची ही सून बारावी शिकलेली. बचत गटाला ड्रोन मिळाला तेव्हा तो चालवायचं प्रशिक्षण घेऊन तिनं परवाना आणला होता. सासू जितकी तडतडी तितकी ही थंड.

"पाटील काकाजी, बॅटरी उतरली म्हून ते खाली बसलं," ती म्हणाली. "बॅटरी कमी झाली की जागा पाहून बसाचं, असंच त्याले शिकवेल आहे. पडलं नाई ते."

"परवाना?"

"आहे न. घरी फायलीत आहे. आनू?"

"नंतर आन. सध्या हे जप्त झालं."

गर्दी जमली होती. दहा-बारा माणसं, त्यात दोन जण मोबाईलवर शूटिंग करत होते. चौदा वर्षांत पहिल्यांदा कॅमेरा जानरावाकडं वळला होता. त्यानं छाती पुढं काढली.

ज्योत्स्ना वाद घालत बसली नाही. तिनं खिशातून वही काढली. "बरं. मंग यादीतल्या लोकायले तुमीच सांगून द्या, का फवारनी होत नाई म्हून. सतरा वावरं आहेत. पैलं उद्या सकायी सातले तुमचंच होतं."

"माहं?"

"पार्बताकाकूनं नंबर लावला होता."

जानरावानं मागे वळून पाहिलं. त्याची बायको पार्बताबाई दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून त्यानं पुन्हा पुढं पाहिलं. इथं माघार घ्यायला हवी होती. पण समोर मोबाईल चालू होते. मोबाईलपुढं माघार घेणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

"कायद्यापुढे सगळे सारखे," तो म्हणाला. वाक्य चांगलं झालं, फक्त महाग पडलं.

आता जप्त केलेला माल ठेवायचा कुठं? पार्बताबाईनं दारातूनच सांगितलं, की औषधाचं ते भांडं घरात आलं तर मी माहेरी जाईन. शाळेत पोरं. ग्रामपंचायतीला कुलूप. मग भगवंतरावच म्हणाले, "आवो पाटील, इचार कायचा करता? पिकात घुसलेलं जनावर कुठी ठेवतेत?"

आणि ड्रोन कोंडवाड्यात गेला.

कोंडवाडा म्हणजे पंचायतीच्या मागची दगडी भिंतीची चौकोनी जागा, एक लोखंडी फाटक, एक टिनाचं छप्पर. मोकाट जनावर कुणाच्या पिकात घुसलं की त्यानं ते इथं आणून द्यायचं, आणि मालकानं दंड भरून सोडवून न्यायचं. तिथला कारभार नत्थुजीकडं होता. नत्थुजी पंचायतीचा शिपाई, अंगानं काडी, पण कोंडवाड्याच्या फाटकाशी उभा राहिला की कलेक्टरलाही आत सोडणार नाही असा. त्यानं रजिस्टर काढलं, चष्मा लावला.

"नोंद केल्याबिगर मी काईच आत घेत नाई. जनावराचा प्रकार?"

"अरे ड्रोन आहे ते," जानराव म्हणाला.

"गाय, बैल, म्हैस, बकरी, गधा, इतर. इतर लिवतो. रंग?"

"पांढरा."

"नर का मादी?"

"ते सोड."

"सोडता येत नाई, रकाना आहे. मी रेघ मारतो. शिंगं?"

जानरावानं ड्रोनकडं पाहिलं. नत्थुजीनंही पाहिलं आणि स्वतःच लिहिलं: सहा. मग "शेपूट - नाही" लिहिलं, "खुणा" मध्ये बाजूला रंगवलेला लांबलचक नंबर एकेक अक्षर वाचून उतरवून घेतला आणि धरणाऱ्याच्या जागी भगवंतरावांचा, दाखल करणाऱ्याच्या जागी जानरावाचा अंगठा मागितला. जानराव म्हणाला, मला सही येते. नत्थुजी म्हणाला, तर मग ठासून करा.

आत आधीपासून एक तांबडा गोऱ्हा आणि एक बेवारशी बकरी होती. नत्थुजीनं शेवटी लिहिलं: एकूण नग तीन. आणि कुलूप लावलं.

मग जानरावानं ठाण्याला फोन केला. "साहेब, ड्रोन पकडलं!" पलीकडून हवालदार म्हणाला, "पकडलं? कोनं सांगतलं पकडाले?" जानरावाला वाटलं लाइन खराब आहे. हवालदार म्हणाला, आज सगळे बंदोबस्तात आहेत, उद्या सकाळी फौजदार मॅडम येतील, तोवर कोणी हात लावू नका.

दिवसभर आभाळ भरून होतं. पाऊस नाही, ऊन नाही, नुसतं दाटून आलेलं मळभ. डिसेंबरातलं असं आभाळ तुरीला फार वाईट. फुलं आणि कोवळ्या शेंगा अंगावर असतात आणि अळी रातोरात वाढते. दिवेलागणीला पार्बताबाई वावरातून आली आणि पदराची गाठ सोडून ओट्यावर झटकली. पंधरा-वीस हिरव्या अळ्या जानरावाच्या बशीभोवती वळवळायला लागल्या.

"एका झाडाच्या आहेत," ती म्हणाली. "एका! पाच एकरात किती झाडं आहेत ते तुमच्या डायरीत लिवून ठेवा."

"मजूर पाहू न उद्या. पंपानं मारून घेऊ."

"कुठी आहे मजूर? गाव सारं पऱ्हाटीचा कापूस येचाले गेलं. आन पंप कोन घेईन पाठीवर? तुमी?"

मागच्या वर्षी जानरावानंच घेतला होता. तूर डोक्याच्या वर गेलेली, नळी वर धरून फवारा मारावा तर सगळं औषध तोंडावर येतं. दुपारी डोळ्यांपुढं अंधारी आली आणि तो वावराच्या बांधावर पडला. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात चार दिवस सलाईनवर होता. पार्बताबाई खाटेच्या पायाशी बसून होती, रडली नाही, नुसती त्याच्या पायाचा अंगठा धरून बसली होती. त्यानंतर तिनं पंप विकून टाकला. आणि ड्रोन आला त्या दिवशी सगळ्यात आधी नंबर लावला.

"वरीसभराची तूर आहे," ती हळू म्हणाली. तिचा आवाज चढला असता तर जानरावाला बरं वाटलं असतं. "दोन दिवसात फवारा नाई झाला तं तुराट्याच राह्यतीन."

त्याला भीती वाटली. चौदा वर्षांत ठाण्याच्या साहेबाची वाटली नव्हती तेवढी वाटली. पण ती बोलून दाखवायची कशी, हे त्याला कधी जमलं नव्हतं. तो म्हणाला, "उद्या मॅडम येतेत. सुटून जाईन ते."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता गाडी आली. फौजदार सीमा तायडे तिशीतल्या, अकोल्याच्या, नव्यानंच ठाण्यात आलेल्या. जानरावानं कडक सलाम केला. त्यांनी तो घेतला आणि विचारलं, "पाटील, सभेत काय सांगितलं होतं? दिसलं तर काय करायचं?"

"धरा... म्हंजे कळवाचं, मॅडम."

"मग कळवायच्या आधी बांधलं कोणी?"

जानराव भगवंतरावांकडं पाहू लागला. भगवंतराव आभाळाकडं पाहू लागले.

ज्योत्स्ना फाईल घेऊन उभीच होती. मॅडमनी एकेक कागद पाहिला. परवाना, विमा. मग फाटकातून वाकून ड्रोनवरचा नंबर कागदाशी ताडून घेतला. मग म्हणाल्या, "नकाशा दाखव."

ज्योत्स्नानं मोबाईलवर नकाशा उघडला. हिंगणीवर सगळं हिरवं होतं, म्हणजे उडवायला मोकळं. बेलोऱ्याकडं जाता जाता पिवळं, आणि विमानतळाच्या भोवती लाल.

"लाल भागात कोणी बोलावलं तर?"

"नाई जात मॅडम. मांगच्या महिन्यात एकजन लग्नाच्या शूटिंगले बलवत होता, तिकडेच, इमानतळाच्या अंगाले. म्या म्हटलं, हे फवाराचं आहे, आन तथी तं पाखराचंही काम नाई."

"बरोबर केलं. तिथं उडवलं असतंस तर मीच तुला उचलून नेलं असतं." मग त्या जानरावाकडं वळल्या. "पाटील, आमचे अधिकार एवढेच. कोणाचं आहे, कागद आहेत का, हिरव्यात आहे का, कुणाला धोका झाला का. यात काही चुकलं तर जप्ती. नाही चुकलं तर उगाच धरून ठेवायचा अधिकार पोलिसालाही नाही. तुम्हाला तर नाहीच. नुकसान काय झालं?"

"हरभऱ्याची चार झाडं," भगवंतराव म्हणाले.

"पाच बोलून राह्यले होते काल," पंचफुलाबाई म्हणाली.

"चार झाडांसाठी मी गुन्हा दाखल करत नाही. सोडा ते."

सगळ्यांनी नत्थुजीकडं पाहिलं. नत्थुजीनं मॅडमला सलाम ठोकला आणि किल्ली खिशात घातली.

"सचिवाची चिठ्ठी पाहिजे, मॅडम."

"मी सांगते आहे ना?"

"तुमी सांगता ते बरोबरच आहे. पन तुमचं राज्य गावभर, या फाटकाच्या अंदर पंचायत. नोंद झाली का सचिवाच्या सहीबिगर मुंगीही बाहेर जात नाई."

ग्रामसेवकाला गावात सगळे सचिव म्हणत. सचिव प्रशिक्षणाला चिखलदऱ्याला गेला होता, शुक्रवारी येणार होता, आणि त्याचा फोन डोंगरात लागत नव्हता. सरपंच चतुराबाई लेकीच्या बाळंतपणाला अंजनगावला. तिला फोन लावला तर ती म्हणाली, "आवो सोडून द्या न बाप्पा!" नत्थुजी म्हणाला, फोनमधून सही येत नाही.

मॅडमनी रजिस्टर मागितलं. नोंद वाचता वाचता शिंगांच्या रकान्याशी त्या थांबल्या, खोकल्या, आणि रुमालानं बराच वेळ तोंड पुसत राहिल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "मी हे उचलून नेऊ शकते. पण गुन्हा दाखल झाला तरच. मग हा मुद्देमाल होईल, ठाण्यात जमा होईल, कोर्टातून सोडवावा लागेल. उन्हाळा उजाडेल. आणि गुन्हा तर झालेलाच नाही." त्यांनी जानरावाच्या डायरीत लिहिलं की कागदपत्रं तपासली, बरोबर आहेत, पोलिसांची काही हरकत नाही. खाली सही केली. "चूक तुमची आहे, पाटील. तुम्हीच निस्तरा. निस्तरलं की मला कळवा. फक्त कळवा."

गाडी निघून गेली. धूळ बसली. यादीतल्या वावरांचे मालक कोंडवाड्याभोवती उभे होते आणि सगळे जानरावाकडं पाहत होते. मोतीराम, एरवी चकार शब्द न बोलणारा माणूस, तोसुद्धा म्हणाला, "पाटील, शुक्कारलोक तं काईच राह्यत नाई."

जानराव नत्थुजीच्या अगदी जवळ गेला. "नत्थुजी, आपन लहानपनापासून संगं आहो."

"आहो न. म्हून तं सांगतो. मांगच्या साली एक बकरी पयाली, तं सचिवानं मलेच चोर केलं. गावभर माह्या नावाचा डंका झाला. तवापासून रोज सकाय-संध्याकाय मी नग मोजतो. तीन लिवले आहेत, तीन दिसले पाहिजे. मंग आभाय का कोसयेना."

"तीन दिसले पाहिजे न तुले?" मागून पार्बताबाई म्हणाली.

"हो."

"कोनते तीन, त्याचं काई?"

नत्थुजीनं रजिस्टर पाहिलं. "तिसरा इतर आहे."

"मंग माहा नवरा बसते. ड्रोन परत येईलोक हे बसतीन आत. याइनंच कोंडलं, याइचाच जामीन घे."

मग कोपऱ्यातून कोणीतरी फिसकलं.

"म्या?" जानराव ओरडला. "पोलीस पाटील? कोंडवाड्यात?"

"नाई तं काय. कायद्यापुढे सगळे सारखे," पार्बताबाई शांतपणे म्हणाली. "नाई तं पंप आना कोनाचा मांगून, आन चाला तुरीत. मी येतो संगं, दवाखान्यात बसाले."

जानरावानं तिच्याकडं पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. तिचे डोळे रात्रभर न झोपल्याचे होते. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली आणि फाटकाशी जाऊन उभा राहिला. नत्थुजीनं कुलूप काढलं. चार जणांनी ड्रोन उचलून बाहेर आणला, जानराव आत गेला, नत्थुजीनं बोटानं मोजलं, "एक, दोन, तीन," आणि कुलूप लावलं.

"ज्योत्स्ना," जानराव फाटकाच्या सळ्या धरून म्हणाला, "माहा नंबर?"

ज्योत्स्नानं पार्बताबाईकडं पाहिलं. "तुमचा नंबर सातचा होता काकाजी, तो तं गेला. आता लागन तसा लागन."

जानराव आता कुठल्या तोंडानं भांडणार?

पहिला तास-दीड तास तर मान वर करायची सोय नव्हती. भिंतीवर पोरं, फाटकाशी बाया, आणि ज्यांना वावरात काम नव्हतं ते सगळे पुरुष. कोणी विचारलं, पाटलाला सरकीची ढेप टाकली का. कोणी विचारलं, पाटलाची शिंगं किती लिहिली. एवढा कल्लोळ, की बाजूला बाँब पडला असता तरी ऐकू आला नसता. त्यात बकरीनं त्याच्या डायरीचा कोपरा धरला. मॅडमची सही असलेलंच पान. अर्धं पान जानरावाच्या हातात राहिलं, नशिबानं सहीकडचं.

हळूहळू लोक पांगले. मग ड्रोनचा आवाज येऊ लागला. मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा, कधी दक्षिणेकडून, कधी पश्चिमेकडून. जानराव कान लावून बसला. हे मोतीरामचं राहिलेलं. हे वर्षालीचं, जिचा नवरा सुरतेला असतो आणि जी एकटी तीन एकर करते. हे चतुराबाईचं. त्याचं वावर पूर्वेला होतं, नाल्याच्या काठी. पूर्वेकडून काही आवाज येत नव्हता.

दुपारी भगवंतराव आले. इकडं-तिकडं पाहिलं, घसा साफ केला.

"पाटील, मी काय म्हनतो, माह्या हरभऱ्यातही घाटे अयी दिसून राह्यली."

"मंग?"

"तिले सांगा न जरासं. तुमचं ऐकन."

"मी अंदर आहो, भगवंतराव. माहं आता ही बकरीही ऐकत नाई. पंचफुलाबाईले इचारा."

भगवंतराव गेले. तासाभरानं त्यांची बंडी रस्त्यानं जाताना दिसली. बंडीत पाण्याच्या कॅना होत्या, वर पंचफुलाबाई ऐटीत बसली होती, आणि भगवंतराव खाली उतरून बैलांसोबत चालत होते. त्यांनी कोंडवाड्याकडं पाहिलं नाही. जानरावाला तेवढ्यातही बरं वाटलं.

तीन वाजता वरून विमान गेलं. गोऱ्हा बिचकला. विमान चांगलंच उंच होतं आणि ड्रोन तुरीच्या शेंड्यावर दोन हात उडत होता. ह्या दोघांची गाठ पडायला हिंगणीची तूर आभाळाला टेकावी लागली असती. हे जानरावाला आता, कोंडवाड्यात बसल्यावर, आपोआप समजलं. सभेत नव्हतं समजलं.

चार वाजता वारा सुटला. जानराव उभा राहिला. वारा वाढला तर ड्रोन बंद होतो, हे त्याला पार्बताबाईकडून माहीत होतं. आता राहिलंच आपलं. त्याच्या डोळ्यांपुढं ओट्यावरच्या त्या अळ्या आल्या. मागच्या बाजूला भिंत ढासळली होती, एक ढांग टाकली की बाहेर. तो तिथपर्यंत गेला. पाय वर उचलला. मग त्याच्या मनात आलं, की आपण बाहेर गेलो आणि नत्थुजीनं नग मोजले तर तो ड्रोन परत मागवील, मग आपलं तर राहीलच. तो पाय खाली घेऊन परत टिनाखाली येऊन बसला. देवाचं नाव घ्यायला लागला, तेही मोठ्यानं नाही, बकरी ऐकेल म्हणून.

पाच वाजता बंडी आली. ड्रोन वर, पोट रिकामं, पंखे मिटलेले. ज्योत्स्नाचा चेहरा औषधाच्या वासानं आणि थकव्यानं पांढरा पडला होता. सगळे मागोमाग आले. नत्थुजीनं कुलूप काढलं, ड्रोन आत ठेवला, जानरावाला दंडाला धरून बाहेर काढलं आणि पुन्हा मोजलं.

"सतराही झाले," ज्योत्स्ना म्हणाली. "आन भगवंतरावाचं अठरावं."

जानरावाला हिशोब लागेना. "सतरा कसे? माहं तं राह्यलं. नाल्याकडून आवाजच नाई आला दिवसभर!"

"आपलं?" पार्बताबाई म्हणाली. "आपलं सकायीच झालं. सगळ्यायच्या आंधी. तुमी बकरीसंगं भांडत होते तवा."

पाच एकर तूर वाचली होती. सकाळी साडेनवालाच वाचली होती. आणि जानराव दिवसभर जीव मुठीत धरून बसला होता. आधी त्याला हायसं वाटलं, मग राग आला.

"आन मले सांगतलं नाई? सांगाले काय झालं होतं तुले? माहा जीव अर्धा झाला अथी!"

"सांगतलं असतं," पार्बताबाई म्हणाली, "तं तुमी बसले असते काय, बाकीच्याचं होईलोक?"

सगळे त्याच्याकडं पाहत होते. ज्योत्स्ना, पंचफुलाबाई, मोतीराम, हातात रिकामी कॅन घेतलेले भगवंतराव, पदरानं कपाळ पुसणारी वर्षाली. जानरावानं "बसलोच असतो" म्हणायला तोंड उघडलं. मग त्याला ती ढासळलेली भिंत आठवली.

"नाई," तो म्हणाला.

"म्हूनच," पार्बताबाई म्हणाली, आणि त्याच्या पाठीला चिकटलेला कुटाराचा भुसा झटकू लागली.